बघणावळ

आमच्या लहानपणी सोलापुरात दागिना एकट्यानं विकत घ्यायची पद्धत नव्हती. चाटी गल्लीतून कापड आणायला आई आणि काकू दोघीच जात, भांड्यांना एकटी आजी पुरे. सराफ बाजारात जायचं तर मात्र तिघं तरी लागत: एक पैसे देणारा, एक पसंत करणारी आणि एक संशय घेणारा. पहिले दोघं दर खेपेला बदलत, तिसरा ठरलेला असे. आमच्याकडे ते काम वडिलांच्या चुलतभावाकडे होतं. सगळा वाडा त्यांना आण्णा म्हणे. मिलमध्ये तयार कापडाचे तागे उलगडून त्यातले तुटके धागे आणि डाग शोधायचे, ही त्यांची नोकरी. संशय घेण्याचा त्यांना पगार मिळत होता, असं काकू म्हणे.

शुक्रवार पेठेत, साखर पेठेत, भवानी पेठेत, कुठल्याही वाड्यात असा एक आण्णा असायचाच. तो सराफाच्या गादीवर बसायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायचा आणि डाग, म्हणजे दागिना, हातात आला की गप्प व्हायचा. कडी कुठं जोडलीय, फासा कसा बसतो, आतून पोकळ आहे का, हे बोटानं चाचपायचा. मग एकच वाक्य यायचं, "घरात दाखवून आणतो." सराफाला त्याचा अर्थ कळे. घरातल्या बायका तर तिथंच शेजारी बसलेल्या असत. दाखवायचं होतं ते दुसरीकडे.

यात अपमान नव्हता, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. सराफ आमचाच होता. आमच्या घरातल्या लग्नांच्या तारखा आमच्याआधी त्याला ठाऊक असत, अडीअडचणीला त्याच्याकडे डाग ठेवून पैसे आणले जात. तरीही त्याच्याकडची पाटली दुसऱ्याच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय घरात येत नसे. आणि तोही सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत बैल घ्यायला गेला, तर बैलाच्या दातांसाठी आमच्या शेतावरच्या गड्याला सोबत नेई. भरवसा वेगळा आणि पारख वेगळी, एवढी ही साधी गोष्ट होती.

सोन्याची पारख त्यातल्या त्यात सोपी. काळ्या कसोटीवर डाग घासायचा, शेजारी नमुन्याच्या कांडीची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा आणि कुठली रेघ टिकते, कुठली विरते ते बघायचं. आम्ही पोरं या कामाला सिनेमासारखी गर्दी करायचो. पण कस लागतो तो वरच्या कातडीला. आत लाख भरली असेल, झाळायला हलकं सोनं वापरलं असेल, तर दगडाला ते कळत नाही. ठुशी, टीक, पोकळ पाटल्या यांच्या बाबतीत म्हणूनच घोळ व्हायचे. घेताना लाखेसकट वजन आणि मोडताना लाख वजा, हा अनुभव कुठल्या घरानं घेतला नाही?

खरा निकाल मुशीत लागायचा. पण मुशीत घातला की डाग डाग राहत नाही, म्हणून तो मोडीच्या वेळीच कळायचा. तिथं गलाईवाले लागत. आपल्या सांगोल्याकडचे, पलीकडचे आटपाडी आणि खानापूर-विट्याकडचे लोक. दुष्काळी माळावरची ही माणसं सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत पसरली, हे सगळ्यांना माहीत आहे. गाळलेल्या लगडीचा टंच काढून द्यायचा आणि मजुरी घ्यायची, एवढंच त्यांचं काम. दागिना विकण्याशी त्यांचा संबंध नव्हता. परमुलखातल्या सराफानं त्यांच्या शब्दावर लगड उचलावी, यामागे हा मुद्दा किती मोठा असेल, याचा विचार आम्ही फार उशिरा केला. आण्णांनी तो आधीच केला होता. शेजारच्या पेढीवर डाग दाखवायला ते कधी गेले नाहीत. "त्याला आपलं गिऱ्हाईक व्हायचंय," ते म्हणत, "तो खोट काढणारच. आणि दोघं मेहुणे-मेहुणे निघाले तर काढणार नाही."

मधल्या काळात सगळा बाजारच अंधारात गेला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, अर्थमंत्री मोरारजी देसाई. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा हुकूम. कित्येक सुवर्णकारांच्या भट्ट्या थंडावल्या, हातचा धंदा सोडून माणसं भलतीच कामं शोधू लागली. त्या वर्षांत लग्न झालेल्या आमच्या आत्या-मावशांच्या दागिन्यांना लालसर झाक आहे, ती त्या हुकुमाची. चौदा कॅरेटची अट तीन-चार वर्षांत उठली. कायदा मात्र १९६८ साली वेगळ्या रूपात पक्का झाला आणि १९९० पर्यंत राहिला. घरोघरी जुनं सोनं देऊन गुपचूप बावीस कॅरेटचे डाग करून घेतले जात, असं मोठी माणसं दार लोटून बोलत. अशा डागाची पावती कोण करणार? कागद नाही म्हटल्यावर डोळ्याची किंमत आणखी वाढली.

हे झालं सोन्याचं. हिरा आला की आण्णांचीही पंचाईत व्हायची. हिरा कसोटीवर घासला तर कसोटीच खरवडून निघते.

हिरे सगळ्यांकडे नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. गिरणीतले मास्तर, वकील, आडत व्यापारी, पूर्व भागातले मागवाले यांच्या घरी एखादी जोडी असायची. बहुतेक ती सात खड्यांची कुडी: मधे एक, भोवती सहा. सोलापूरचं वैशिष्ट्य असं की हीच कुडी मराठी घरात कुडी होती, पद्मशाली घरात दुद्दुलु होती आणि कानडी बोलणाऱ्या लिंगायत घरातही तिच्यासाठी सुना तितक्याच रुसत. आमच्या समोरच्या घरातल्या अक्का कानात ती घालून विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब करायला बसत, तेव्हा आम्ही पोरं त्यांच्या मानेच्या हालचालीकडे बघत राहायचो. आमच्या आजीच्या कुड्या त्याहून लहान. ती त्या सणावारी घाली, स्वतःच्या हातानं रिठ्याच्या पाण्यात धुई आणि डबीत ठेवी. दुसऱ्यांचे हिरे तपासून घेण्याबद्दल तिच्याइतकं कुणी बोलत नसे. स्वतःच्या कुड्या मात्र तिनं कुणाला दाखवायला दिल्याचं आठवत नाही.

घरगुती परीक्षा पुष्कळ होत्या. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. हिरा असेल तर वाफ टिकत नाही. 'संचार'च्या अंकावर सुटा खडा पालथा ठेवायचा. खालचं अक्षर वाचता आलं तर काच. दोन्हींत तथ्य आहे. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो आणि त्यात शिरलेला उजेड असा काही वळतो की आरपार दिसत नाही. पण यातून एवढंच कळतं की हा खडा काच नाही. हिरा कसा आहे, त्याला पिवळट झाक किती, पोटात काय दडलंय, हे वाफेला कळत नाही. आणि पैसे जातात ते नेमके तिथंच. दोन हिरे, एकाच वजनाचे, एकाच पुडीतले, आणि किमतीत निम्म्याचा फरक. वजन वाढलं तरी किंमत त्या हिशेबात वाढत नाही, उड्या मारत चढते. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्याकडे येऊन गेला. त्यानं किमतीचं गणित वजनाच्या वर्गानं मांडलं होतं: दुप्पट वजन, चौपट दाम. आज ते सूत्र जसंच्या तसं चालत नाही, पण चढण तीच आहे. शिवाय सोनाराची गुंज-रती वेगळी आणि खड्यांच्या बाजारातली रती वेगळी. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम हे शाळेत शिकून आलेली आमची पिढी हिशेबाला बसली, तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की वर्षानुवर्षं दोन मापांत घोळ चालला होता.

मग करायचं काय? तर जांगड. पसंतीवर माल घरी द्यायची ही चाल. हिऱ्याच्या धंद्यात अजूनही जांगडाची चिठ्ठी चालते. सराफ खडा कागदाच्या पुडीत बांधून देई, चिठ्ठीवर वजन लिही, आमच्या माणसाची सही घेई. पैसे नंतर. एवढा महाग जिन्नस कुणी का देईल, असं वाटेल. त्याला एक सोयीचं निमित्त होतं. हिरा लाभावा लागतो. सगळ्यांनाच तो लाभत नाही, म्हणून चार दिवस देव्हाऱ्यात ठेवायचा, रात्री उशाखाली घ्यायचा, घरात कुणी आजारी पडतं का, कुणाला वाईट स्वप्न पडतं का ते बघायचं. हे सराफही मानायचा, गिऱ्हाईकही मानायचं. आमची आजी किती मानायची, याची मला शंका आहे. कारण पहिल्या रात्री हिरा देव्हाऱ्यात असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो तिच्या कनवटीला लावून आम्ही सराफ बाजाराच्या मागच्या बोळात निघालेलो असू. खडा परत करायचा झाला तर "लाभला नाही हो" म्हणायचं. त्याच्या मालाला बट्टा नाही, आपल्याला भिडेचं ओझं नाही, पुढच्या खेपेला पुन्हा गादीवर बसायला मोकळे. अंधश्रद्धेनं एवढं व्यवहारी काम केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

बोळात राहणारे ते गृहस्थ कोंदणाचं काम करत. सगळी त्यांना मामा म्हणत. बाजारातल्या बहुतेक पेढ्यांचे खडे जडवायला त्यांच्याकडे येत. त्यामुळे हिरे रोज बोटांखालून जायचे, पण स्वतः त्यांनी हिरा कधी विकला नाही की घेतला नाही. आजीला हवा होता तो हाच माणूस: पुष्कळ पाहिलेला आणि काही न विकणारा. त्यांच्या ओट्यावर मराठी, कानडी, तेलुगू बायका पुड्या घेऊन बसलेल्या असत. आपण कशाला आलोय हे कुणी कुणाला सांगत नसे, आणि ते सगळ्यांना ठाऊक असे.

खडा कुठून आणला हे मामा विचारत नसत. सांगू लागलात तर हात वर करत. भावही सांगायचा नाही. आधी ते हात धूत. खडा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत, कारण बोटाचं तेल लागलं की हिरा मंद दिसतो. मग पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्या खोबणीत खडा पालथा ठेवत आणि बाजूनं बघत. ऊन अंगावर नको, दिवा तर नकोच, आभाळाचा सारखा उजेड पाहिजे. मी एकदा खडा उचलून उन्हात धरला तर म्हणाले, "उन्हात काय बघलालास बे? उन्हात काचसुद्धा नाचती." पालथ्या खड्याची झाक कळते, सुलटा ठेवला की त्याच्या लखलखाटात पिवळेपणा लपतो. पुढं कधीतरी वाचलं की अमेरिकेतल्या रत्नपरीक्षा संस्थेच्या प्रयोगशाळेतही रंग असाच, पांढऱ्यावर पालथा ठेवून ठरवतात, डी पासून झेड पर्यंतच्या पायऱ्यांनी. मामांच्या पायऱ्या तीन होत्या: पांढरा, दुधी आणि "तेल लागलेला".

मग डोळ्याला भिंग. हे सगळ्यात जास्त वेळ चाले. चिमट्यात धरलेला खडा ते अगदी सावकाश फिरवत आणि काय दिसतं ते सांगत जात: इथं माशी आहे, इथं कावळ्याचा पाय, काठाला टवका, पोटात कापूस. कावळ्याचा पाय म्हणजे पोथ्यांतलं काकपद. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्याचे जे दोष दिले आहेत त्यांत तो आहे, माशी आहे आणि केसही आहे. इतकं लांब कशाला, कल्याणीच्या चालुक्यांचा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या खजिन्याबरोबर रत्नांची पारख येते. बाराव्या शतकातला ग्रंथ, आणि कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूरच्या शेजारचं. मामांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांचे शब्द त्यांना वडिलांकडून आले होते आणि वडिलांना आणखी कुणाकडून.

शेवटी आजी विचारी, "घ्यावा का?" मामा म्हणत, "माल सांगितला. भाव मी सांगत नाही, आणि घ्या-नको तर त्याहून नाही." आम्हाला तेव्हा हा आखडूपणा वाटे. भाव सांगितला असता तर काय बिघडलं असतं? बरंच बिघडलं असतं, हे आता कळतं. भाव सांगणारा माणूस कुणाच्या तरी बाजूचा होतो. एकदा तर त्यांनी भिंग लावलं, लगेच काढलं आणि पुडी बांधून परत दिली. "हा माझ्या हाताखालून गेलेला आहे. दुसऱ्याला दाखवा." कुठल्या तरी जुन्या डागातून हा हिरा निघाला होता आणि त्याचं मूळ कोंदण त्यांनीच केलेलं असणार. आजी त्या दिवशी चिडली, कारण दुसरा होता कुठं? पण तो खडा तिनं "लाभला नाही" म्हणून परत केला.

उठताना आजी चोळीतून पैसे काढून ओट्यावर ठेवी. खडा घेतला तरी तेवढेच, परत केला तरी तेवढेच. घडणावळ तशी ही बघणावळ, असं ती म्हणे. काकूला हे पटत नसे. नुसतं बघायचे पैसे? "फुकट बघणाऱ्याला पैसे दुसरीकडून मिळतात," आजीचं उत्तर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खडा सुटा असतानाच बघायचा. कुडीचं कोंदण मागून बंद. खड्याखाली चकचकीत वर्ख घालत, त्याला डांक म्हणत. डांक घातला की पिवळट हिराही उजळतो, बारीक तडा दिसत नाही, पातळ खडा जाड वाटतो. यात लबाडी होतीच असं नाही. तेलाच्या दिव्याच्या काळात कानातले खडे दिसावेत म्हणून निघालेली ती युक्ती. पण एकदा जडवल्यावर बाहेरून केलेली पारख म्हणजे अंदाज. तयार कुडी आणून "बघा बरं" म्हणणाऱ्यांना मामा भिंगही लावत नसत.

तावेर्निएचं नाव वर आलंच आहे, तर त्यानं लिहून ठेवलेली एक गंमत सांगतो. तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत मोडणाऱ्या रावलकोंड्याच्या हिऱ्याच्या खाणीवर, आजच्या आंध्रातल्या रामल्लकोट्याला, व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची पोरं रोज सकाळी एका झाडाखाली जमत. कमरेला वजनं आणि होनांची पिशवी. कुणी हिरा विकायला आणला की तो सगळ्यात थोरल्या पोराच्या हातात जाई. तो बघून शेजारच्याला देई, तो पुढच्याला. खडा फिरून पुन्हा थोरल्याकडे येईपर्यंत एकानंही तोंड उघडायचं नाही. मग थोरला भाव विचारून सौदा करी. मला यात सगळ्यात आवडते ती शांतता. पहिला जर "वा!" म्हणाला तर दुसऱ्याचा डोळा त्याचा राहत नाही. आमच्या घरात याच्या उलट चाले, काकूनं "अय्या!" म्हटलं की सगळ्यांना हिरा पांढराच दिसायचा. तावेर्निएनं असंही लिहिलंय की तिथले लोक हिरा रात्री, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या दिव्यापुढं धरून पारखत. मामा दिव्याच्या नावानं नाक मुरडत. पण शेकडो वर्षांत पारखीची एकच एक रीत टिकावी, अशी अपेक्षा तरी का करायची?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकन डायमंड आले आणि वाफेच्या परीक्षेला काम लागलं. नव्या पेठेत काचेची दारं, आत थंड हवा आणि प्रत्येक पेटीवर दिव्यांची माळ असलेली दुकानं झाली. ते दिवे हिऱ्यासाठी मुद्दाम निवडलेले असतात, हे लक्षात ठेवावं. जडवायचं काम मुंबईला अंधेरीच्या सीप्झमध्ये यंत्रांवर गेलं. सोन्याला हॉलमार्क लागला, २००० साली ऐच्छिक आणि जून २०२१ पासून, आधी २५६ जिल्ह्यांत, सक्तीचा. आता डागावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक असतो आणि तो फोनवर तपासता येतो. घरातल्या जुन्या, शिक्का नसलेल्या डागांचा टंचही मान्यताप्राप्त केंद्रात कुणालाही काढून मिळतो. २०२२ साली सरकारनं जाहीर केलेला दर चार डागांपर्यंत २०० रुपये होता. शिक्का असलेल्या डागात सोनं कमी निघालं तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळायची तरतूद आहे. आण्णा असते तर त्यांनी पहिल्या दिवशी चार डाग नेले असते. सोन्यासाठी संशय घेणारा माणूस आता सरकारनं नेमला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हिऱ्याचं मात्र तसं नाही. माझ्या पुतणीच्या अंगठीच्या वेळी दुकानात प्लास्टिकचं कार्डासारखं प्रमाणपत्र पुढं आलं. रंग, स्वच्छता, पैलू, वजन, सगळं छापलेलं. पुतणी म्हणाली, "काका, आता कशाला दाखवायचं? सर्टिफिकेट आहे की." ते प्रमाणपत्र चांगलंच असतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. नावाजलेल्या प्रयोगशाळा हिरा विकत नाहीत आणि अहवालात किंमत लिहीत नाहीत. म्हणजे मामांचाच दंडक. अमेरिकेतली ती संस्था १९३१ सालची, पन्नासच्या दशकात तिनं हिऱ्याची प्रतवारी बसवली आणि जगानं ती उचलली. प्रश्न राहतो तो एवढाच, की कार्डावरचा हिरा आणि अंगठीतला हिरा एकच कशावरून? बहुतेक वेळा हिऱ्याच्या काठावर लेसरनं अहवालाचा क्रमांक कोरलेला असतो, तो भिंगातून वाचावा लागतो. आणि तो वाचून देणारा माणूस त्याच दुकानाच्या पगारावर नसलेला बरा. दुकानदार स्वतः लिहून देतो त्या किमतीच्या कागदाला तर मी फारसं मोजत नाही. आपण दिलेल्या किमतीपेक्षा त्यावरचा आकडा मोठा असतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. खरा आकडा हवा असेल तर तीच अंगठी तारण म्हणून बँकेत न्या. बँकेचा सराफ खड्यांचं वजन वजा करतो आणि नुसतं सोनं मोजतो.

शिवाय आता प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आलाय. तो काच नाही, झरकन नाही, हिराच आहे. वाफही टिकत नाही, अक्षरंही दिसत नाहीत. मामांचं भिंग इथं हरलं असतं. जमिनीतला कुठला आणि यंत्रातला कुठला हे यंत्रंच सांगतात, आणि दोघांच्या भावात फार मोठी तफावत आहे. तो घ्यावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेत भेट म्हणून दिलेला साडेसात कॅरेटचा हिराही तसलाच होता. पण बिलावर ते स्पष्ट लिहून घ्यावं. पुतणीच्या बिलावर आम्ही दोन ओळी लिहून घेतल्या: हिरा नैसर्गिक आहे आणि बाहेर तपासून अहवालाशी जुळला नाही तर पूर्ण पैसे परत. दुकानातल्या मुलीनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर वयस्क होते. त्यांनी लिहिलं आणि सही करता करता म्हणाले, "पूर्वी जांगड न्यायचे, तसंच की हे."

आता आजीच्या कुड्यांचं. आजी गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. वडील, दोघं काका आणि आत्या. सोनं तोळ्यावर वाटता येतं, चौदा हिरे कसे वाटायचे? मामा केव्हाच गेले होते, त्यांच्या मुलानं स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं. संपत्तिकराच्या कामासाठी मूल्यांकन करून देणारे एक गृहस्थ मिळाले. सराफी करत नव्हते, हे आण्णांनी आधी खात्री करून घेतलं. त्यांनी कुड्या उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाले, बंद कोंदणातल्या खड्यांचा अंदाज देईन, मूल्यांकन नाही. कोंदण उकलावं लागेल. काकू रडली. उकललं.

बारा हिरे निघाले. प्रत्येक कुडीतला खालचा एक खडा झरकन होता, अगदी बेमालूम मापाचा, डांक घालून बसवलेला.

मग घरात जे व्हायचं ते झालं. कुठल्या सराफानं फसवलं, कुणी शेवटच्या घातल्या होत्या, कुणाच्या लग्नात त्या उसन्या गेल्या होत्या, धाकट्या काकूच्या माहेरापर्यंत बोलणं गेलं. आत्या इतका वेळ सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "उगं भांडू नका. एकोणपन्नास साली आईनंच काढलेत ते." त्या वर्षी ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली होती. आजोबा विणखात्यात मास्तर. सरकारनं जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून मिल ताब्यात घेतली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कायद्याच्या पुस्तकांत आलं. पण मधल्या महिन्यांचा पगार कुणी दिला नव्हता. आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांची. आईबरोबर बोळातल्या ओट्यावर तीच गेली होती. आजोबांनाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मामांना माहीत होतं?" आण्णांनी विचारलं. पुढची तीस वर्षं ते आजीबरोबर त्या ओट्यावर बसत आले होते.

"त्यांनीच तर बसवले."

"आणि एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाहीत?"

"त्यांना कशाला बोलायचं? ह्या कुड्यांची बघणावळ तुमच्यापैकी कुणी दिली होती का त्यांना?"

बारा हिऱ्यांचे चार वाटे झाले. मधले दोन मोठे असल्यामुळं थोडी रोख इकडची तिकडं करावी लागली आणि त्यावरून धाकटे काका अजून कुरकुर करतात. झरकनं आत्यानं मागून घेतली. मूल्यांकन करणाऱ्यांनी कागदावर त्यांच्यापुढं पन्नास रुपये लिहिले आणि स्वतःच्या फीची पावती वेगळी फाडली. ती बरीच जास्त होती, पण आण्णांनी घासाघीस केली नाही.